बोटीचा पत्रा आणि गुळाचा खडा

नाशिकला समुद्र नाही. तरी माझ्या संसारात जितकी जहाजं आली, तितकी एखाद्या कोळिणीच्या संसारातही आली नसतील. आली ती तुकड्यातुकड्यांनी, ट्रकमधून, ताडपत्रीखाली. गुजरातच्या किनाऱ्यावर जुनी जहाजं फोडतात, त्यांच्या जाड पत्र्याचे दाराएवढे तुकडे करतात, आणि त्यातले काही सातपूरच्या पलीकडे एका भंगाराच्या यार्डात येतात. तिथे आमचे हे गॅस कटर होते. म्हणजे गॅसचा टॉर्च हातात धरायचा आणि त्या जाळाने पत्रा कापून आणखी लहान करायचा. पुढे तो भट्टीत जातो, त्याची सळई होते, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. लोक म्हणतात, बघा, काही म्हणून वाया जात नाही. खरंय बाबा. जे जळून हवेत उडतं, तेसुद्धा कुठेतरी जाऊन बसतंच.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, गल्लीतल्या पोरींचे ड्रेस. ह्यांचे कामावरचे शर्टही मीच शिवायचे, जाड कापडाचे, कारण बाजारच्या शर्टाची ठिणग्यांनी चाळण व्हायची. त्या प्रत्येक शर्टाला डाव्या बाजूला एक मोठा खिसा, खिशाला झाकण, झाकणाला बटण. तो खिसा गुळाचा.

गुळाचं आधी सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. यार्डातली पद्धतच होती, धुरात काम करणाऱ्याने गूळ खायचा. छातीत गेलेला धूर, धूळ, राख, सगळं गूळ धरून ठेवतो आणि खाली उतरवतो, असं सगळेच सांगतात. भट्टीवाले सांगतात, खडी फोडणारे सांगतात, माझा सासराही सांगायचा. यार्डाचा शेठ कुणाला मास्क देत नसे, पण सकाळी काम सुरू होताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायला विसरत नसे. तेवढा धर्म होता त्याच्यापाशी. तो गूळ मात्र काळाकुट्ट, खारट, दाताखाली कचकच लागणारा. मला तो बघवायचा नाही. दिवसभर जाळापुढे उभा राहणारा माणूस, त्याला गूळ तरी बरा नको का? म्हणून मी बाजारात जाऊन, वास घेऊन, जिभेवर ठेवून, बिनकेमिकलचा गूळ आणायचे. दुकानदार वैतागायचा, ‘ताई, गूळ घेताय का सोनं?’ मी म्हणायचे, ‘औषध आहे ते आमच्या घरातलं. विष नकोय मला त्यात.’

हे वाक्य माझ्याच तोंडचं. आता आठवलं की हसूही येत नाही.

हे दिवसभर तो खडा पुरवून पुरवून खायचे. पत्रा कापला, टॉर्च विझवला, हातमोजा काढला, खिशातून खडा काढून दाताने तुकडा तोडला, राहिलेला परत खिशात. हातमोजा तरी कसला, बोटं बाहेर आलेली. आणि संध्याकाळी येताना त्यातला एक तुकडा मुद्दाम राखून ठेवायचे. तो आमच्या मुलीचा खाऊ. आम्हाला ती एकच. गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली की हातातलं टाकून पळायची आणि दारात उभी राहून तळहात पुढे करायची, ‘पप्पा, काय आणलं?’ दुसरं काय आणणार, कपाळ? पण ती रोज विचारायची, आणि हे रोज खिशावर हात ठेवून म्हणायचे, ‘आज कायच नाय गं.’ मग तिने रुसायचं, मग झाकणाचं बटण उघडायचं. आमच्या घरातलं नाटक-सिनेमा म्हणाल तर तेवढंच. पोरगी कॉलेजात गेली तरी हात पुढे करायची. लग्न होऊन मालेगावला गेली, आणि दिवाळीला आली की पुन्हा दारात उभी, तळहात पुढे. जावई हसायचे, म्हणायचे, ‘तिकडे काजू-बदामाला नाक मुरडते आणि इथे गुळाचा खडा मागते.’

मी समुद्र पाहिला तोही ह्यांच्यामुळेच. मुलगी व्हायच्या आधीची गोष्ट. हे तेव्हा त्या किनाऱ्यावरच कापायच्या कामाला गेले होते, आणि एकदा मला घेऊन गेले. ‘चल, तुला समुद्र दावतो.’ माझं माहेर घोटीकडचं. पाणी म्हणजे भाताच्या खाचरातलं, नाहीतर डोंगरावरून उतरणारं. मी हौसेने नवी साडी नेसून गेले. बघते तर काय, चिखलात अर्धी कापलेली जहाजं उभी, त्यांच्या पोटातल्या खोल्या उघड्या पडलेल्या, कुणाच्या पलंगाची फळी दिसतेय, कुणाचा आरसा. वाळूत पाऊल ठेवायला जागा नाही. तेल, तारांची जळकी साल, पांढऱ्या कापसासारखं काहीतरी उडतंय, आणि पाण्यावर रंगीत साय. माझ्या साडीचा काठ काळा झाला. घरी आल्यावर रॉकेल लावलं, सोडा लावला, तो डाग काही गेला नाही. एक म्हातारी मासे विकायला बसली होती. तिच्या मोडक्या हिंदीत तिने सांगितलं, मासा आता जवळ येतच नाही, होडी लांब न्यावी लागते, आणि मिळतो त्यालाही कधीकधी तेलाचा वास मारतो. मी ह्यांना म्हटलं, ‘अहो, ह्या समुद्राचं काय केलंय हे?’ तर म्हणाले, ‘समुद्र लय मोठा हाय. समदं पोटात घेतो.’

त्याच मोसमात ह्यांच्या जोडीचा एक माणूस, ओडिशाकडचा, जहाजाच्या टाकीत कापायला उतरला आणि आत साठलेल्या वायूने तिथेच गेला. त्यानंतर ह्यांनी किनारा सोडला. नाशिकला परत आले, सातपूरच्या यार्डात लागले. मी देवापुढे साखर ठेवली. इथे जहाज नाही, टाकी नाही, नुसता पत्रा. पत्र्याला कोण भितं?

त्या पत्र्यावर रंगाचे थर असायचे. वरचा निळा नाहीतर काळा, त्याखाली पांढरा, आणि सगळ्यात खाली लोखंडाला धरून बसलेला शेंदरी. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजू नये म्हणून तो लावतात. जाळ लागला की तो थर फसफसून फुगायचा आणि पिवळट धूर निघायचा. हे सांगायचे, धूर जिभेला गोडसर लागतो. ती शेंदरी पूड कपड्यांवर, भुवयांवर, कानात. मी थट्टा करायचे, ‘अहो, यार्डात जाता का मारुतीच्या देवळात?’ संध्याकाळी तो शर्ट मी मागच्या दारी झटकायचे आणि मशीनजवळच्या खिळ्याला अडकवायचे. रोज कुठे धुणार, पाणी काय माझ्या बापाचं होतं?

आता दुखण्याचं. ते एका दिवसात आलं नाही. पोटात मुरडा यायचा, माणूस दुमडून बसायचा. कोणी सांगितलं पित्त, कोणी सांगितलं मूळव्याध. एकाने कावीळ उतरवायला पाठवलं. रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या. मग अंगात त्राणच राहिना. कामावरून आले की भिंतीला टेकून बसायचे, बोललं तरी ओ द्यायला वेळ लागायचा. हिरड्यांवर काळसर रेघ दिसायला लागली, मी तंबाखूवर खापर फोडलं. आणि एक दिवस हे चहाचा कप उचलायला गेले तर मनगट खालीच लोंबायला लागलं. कप पडला. हे त्या हाताकडे असे बघत राहिले, जणू हात दुसऱ्याचाच आहे. मी ओरडले, ‘पुरे झालं आता, उठा.’ आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे नंबर लावून बसलो. मला तर त्या बाकांचा आता इतका कंटाळा आलाय की दवाखान्याचा वास आला तरी पाय जड होतात. एक तरुण डॉक्टरीण होती. तोवर कितीतरी जणांनी ह्यांचं पोट दाबून पाहिलं होतं, पण ‘काम काय करता’ असं विचारणारी ती पहिली. हे म्हणाले, ‘बोटीचा पत्रा कापतो.’ तिने विचारलं, ‘रंगासकट?’ हे म्हणाले, ‘आता रंग कोण सोलत बसणार?’ तिने हिरड्या पाहिल्या, मनगट पाहिलं, आणि रक्त तपासायला पाठवलं. त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागला. आला तेव्हा तिने आम्हाला खुर्चीवर बसवून सांगितलं, रक्तात शिसं आहे, फार आहे.

‘तो जो शेंदरी रंग म्हणता ना,’ ती म्हणाली, ‘जुन्या जहाजांवर तो शिशाचाच असायचा. शेंदूरच म्हणा. जाळलात की धुरातून छातीत जातो, आणि पूड हातावर राहते. कामावर खाता का काही?’

‘गूळ,’ मी म्हटलं. ह्यांच्या आधी मीच बोलले, आणि जरा तोऱ्यातच. कारण मला वाटलं, ही म्हणेल, बरं केलंत.

‘हात धुऊन?’

यार्डात पाण्याचं एक पिंप होतं, ते पाणी प्यायला. हात काळे झाले की डिझेलच्या चिंधीला पुसायचे. हे हसले, ‘मॅडम, गूळ तर धुरावरचं औषध हाय.’ ती हसली नाही. म्हणाली, ‘काका, गुळाचं काही वाईट नाही. पण गूळ चिकट. हाताची, खिशाची सगळी पूड तो धरतो. धूर श्वासातून जितका जायचा तितका गेलाच असेल. उरलेलं तुम्ही गुळाला लावून रोज खाल्लंत.’

लहानपणी आम्ही ऐकायचो, अमक्या गाणाऱ्याला त्याच्या वैऱ्याने शेंदूर खाऊ घातला आणि त्याचा गळा गेला. आमच्या घरात वैरी कोणी नव्हता. मीच होते, आणि माझा निवडून आणलेला गूळ. लगेच मला दोष द्यायला येऊ नका. मी दमलेय, आणि मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते जहाजं बांधून, चालवून, विकून मोकळे झाले होते.

मग तिने विचारलं, ‘घरात कोणी लहान मूल? गरोदर बाई?’

मी म्हटलं, ‘आता नाही. पण पुढच्या आठवड्यात लेक येतेय. सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण आहे ना, माहेरीच व्हायचं.’

तिने पेन खाली ठेवलं.

ती जे बोलली त्यातलं मला कळलं ते एवढं. शिसं मोठ्या माणसाला पोखरतं, पण पोटातल्या आणि रांगत्या जिवाच्या डोक्यालाच धरतं. ह्यांच्या कपड्यांतून ते घरभर गेलं असणार, फरशीच्या फटीत, गादीत, खिडकीच्या चौकटीत. केरसुणीने झाडलं तर आणखी उडतं, ओल्या फडक्यानेच पुसायचं. ह्यांनी ते काम सोडायलाच हवं, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. लेकीला त्या घरात आणू नका. आणि शेवटी म्हणाली, ‘ती लहानाची मोठी तिथेच झाली ना? मग तिचंही रक्त तपासून घ्या.’

बाहेर पडल्यावर रिक्षात हे म्हणाले, ‘डॉक्टरणीला काय ठावं यार्ड? गुळानं कोण मरतं का?’ मी म्हटलं, ‘जो गुळाने मरतो त्याला विष कशाला, म्हणतात ते काय उगीच?’ पण दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून पुन्हा यार्डात. कटर म्हणून नाही, म्हणे, नुसता पत्रा मोजायला. मी म्हटलं, तिथे तुम्ही देव्हाऱ्यात बसलात तरी पूड तीच ना? भांडले, रडले, जेवण करून ठेवलं नाही. काही फरक नाही. ‘काम सोडून करू काय? भजी तळू?’ माणूस पन्नाशी ओलांडतो आणि त्याला एकच गोष्ट येत असते, तेव्हा त्याच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

मी लेकीला फोन केला. बॅग भरून बसली होती ती. काय काय आणतेय ते सांगत होती. मी म्हटलं, ‘बाळा, येऊ नको.’

‘म्हणजे?’

‘बाळंतपणाला इथे येऊ नको.’

‘आई, माझ्याच घरी मला येऊ नको म्हणतेस?’

माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीला येऊ नको म्हणणारी आई आमच्या सात पिढ्यांत झाली नसेल. माझं बाळंतपण घोटीला झालं, माझ्या आईचं तिच्या आईकडे. मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढवूनच सांगितलं, कारण खाली आणला असता तर रडले असते. मग ती म्हणाली, ‘मी तपासून घेते. पण पप्पांना सांगू नको. त्यांना वाटेल त्यांनीच मला…’ आणि फोन ठेवला.

मग मी विहीणबाईंना फोन लावला. जीव मुठीत धरून. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या ऐकून घेऊन आपल्या अहिराणीत म्हणाल्या, ‘तुमनी पोर ती आमनी बी पोर शे.’ एवढंच. त्या बाईने माझ्यावर जे उपकार केले ते मी फेडू शकणार नाही. गल्लीतल्या बाया मात्र नळावर विचारत राहिल्या, ‘पहिलंच आणि सासरी? काही बिनसलं का गं?’ मी म्हणायचे, हो, बिनसलं.

लेकीचा रिपोर्ट आला. ह्यांच्याइतकं नाही, पण असायला नको तेवढं होतं. मी तो मोबाईलवर डॉक्टरणीला नेऊन दाखवला. म्हटलं, ‘अहो, तिचं लग्न होऊन दोन दिवाळ्या झाल्या, ती इथे राहतही नाही, मग रक्तात अजून कसं?’ डॉक्टरीण म्हणाली, शिसं हाडांत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं बसतं. बाळाची हाडं घडायला लागली की आईच्या हाडांतून चुना जातो बाळाला, आणि त्याच्याबरोबर हेही सुटतं. तिने गोळ्या लिहून दिल्या, दूध-नाचणी सांगितली, म्हणाली, घाबरू नका, बाळ झाल्यावर त्याचंही रक्त तपासू, लक्ष ठेवू. आत्ता काही सांगता येत नाही.

घरी आले. हे आले तेव्हा शर्टावर पूड होतीच. लेकीने सांगू नको म्हटलं होतं. पण नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून तोंड दाबून बसायचं माझं वय गेलं. मी सांगितलं. हाडांचं, चुन्याचं, बाळाचं, सगळं सांगितलं. हे दारातच उभे होते, चप्पलही काढली नव्हती. हात खिशावर होता.

मग म्हणाले, ‘पहिला खडा दिला तवा केवढी होती गं ती?’

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, ‘दात यायचे होते. तुम्ही चाटवायचात.’

हे आत आलेच नाहीत. मागच्या दारी जाऊन शर्ट काढला, सगळे शर्ट काढले, आणि काडेपेटी मागितली. मी धावत गेले. ‘आता हेही जाळता? जाळून कुठे जाणार ते, शेजाऱ्याच्या घरात?’ मग ते सगळे शर्ट आम्ही प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधले. पण ते पोतं टाकायचं कुठे, हे अजून कोणी आम्हाला सांगितलेलं नाही. घंटागाडीवाला म्हणाला, सुक्यात टाका. मी विचारलं, सुक्यातलं कुठे जातं? तो म्हणाला, ‘मावशी, गाडीला उशीर होतोय.’ अजून ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे.

त्या दिवसापासून हे यार्डात गेले नाहीत. एका सोसायटीच्या गेटवर बसतात आता. औषधाने मुरडा थांबला, मनगट थोडं वळतं. थकवा गेला नाही. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, आणि रहिवासी तक्रार करतात.

घर मी ओल्या फडक्याने पुसत राहिले. भिंती, माळा, मशीनचं चाक, शिलाईच्या दोऱ्यांची रिळं. पुसून पुसून बादली काळी व्हायची आणि मी ती कुठे ओतायची म्हणून उभी राहायचे. मोरीत ओतली की नाल्यात, नाल्यातून नदीत. समुद्र सगळं पोटात घेतो म्हणे. मीही ओतलीच, दुसरं काय करणार? नळावर मी बायांना सगळं सांगून टाकलं. ज्यांचे नवरे त्याच यार्डात, त्यांनी आधी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच त्यांच्या पोटावर पाय देतेय. एकीने नवऱ्याचा शर्ट वेगळा धुवायला घेतला. यार्डात पिंपाशेजारी एक साबणाची वडी ठेवली, असं कानावर आलं. ती संपली, पुन्हा आली नाही. गूळ चालू आहे. आणि ट्रकही येतातच. त्र्यंबक रोडला ताडपत्री घातलेला ट्रक दिसला की मी तोंड फिरवते.

लेक सुटली. मुलगी झाली. वजन बरं, रडणं बरं, डोळे आईचे. बाकीचं पुढे कळेल.

बारशाला जायचं ठरलं. माहेरचा बाळंतविडा न्यायचा होता, झबली, कुंची, दुपटी. माझ्या मशीनवर मी अर्धी कुंची शिवली आणि उसवली. कितीही पुसलं तरी मन घेईना. शेवटी दोन गल्ल्या पलीकडे एका ओळखीच्या बाईकडे बसून, तिच्या मशीनवर, नव्या कापडाचं सगळं शिवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकीबाळींचं शिवलं मी त्या मशीनवर, आणि नातीची कुंची तेवढी शिवता आली नाही. ह्यांना नवा शर्टही तिथेच शिवला. पांढरा. त्याला खिसा ठेवला नाही. ठरवून नाही, कापताना डाव्या बाजूला हात गेला आणि मी कापड तसंच सोडलं.

मालेगावला आम्ही सकाळी पोचलो. हे स्टँडवर हात धुऊन आले, विहीणबाईंच्या दारात पुन्हा धुतले. आत पाळणा बांधला होता, बाया जमल्या होत्या, बाळाच्या कानात नाव सांगून झालं. हे मागे भिंतीपाशी उभे. लेक पाळण्याजवळ बसली होती, वाळली होती. तिची नजर ह्यांच्यावर गेली आणि चेहरा उजळला. आणि त्या गडबडीत, काही मनात न आणता, इतक्या वर्षांच्या सवयीने तिने तळहात पुढे केला.

‘पप्पा, काय आणलं?’

बोलली आणि तिच्याच लक्षात आलं. हात तसाच राहिला. ह्यांचा हात उठला, छातीपाशी गेला, शर्टावर खिसा शोधत राहिला. खिसा नव्हताच. ‘आज कायच नाय गं,’ असं हे म्हणाले, रोज म्हणायचे तसंच. फक्त ह्या वेळी ते खरं होतं.

मग पुढे आले. लेकीच्या तळहातावर आपला तो अधू हात ठेवायला नेला, आणि मध्येच थांबवून माझ्याकडे वळले.

‘हात धुतले व्हते ना गं मी?’

बाया बघत होत्या. मला राग आला होता, कोणाचा ते अजून सांगता येत नाही.

‘धुतलेत,’ मी म्हटलं. ‘माझ्यासमोर धुतलेत. ठेवा आता.’